उलटा निबंध

हिवरदरा, ता. केज
२१ जून २००४

केसर,

'अनेक आशीर्वाद' असं लिहून खोडलं. वर जी रेघ दिसते ती त्याचीच. वर्गात पत्राचा मायना चुकला की मी तुमचा अर्धा गुण कापायचो, तो आज माझा काप.

शाळा भरून आठ दिवस झाले. दहावीच्या हजेरीपटात तुझं नाव सतरावं आहे. रोज पुकारतो. कुणी 'हजर' म्हणत नाही, मी पुढच्या नावावर जातो. परवा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "ती छावणीवाली न्हाई येत आता, सर." त्याला बाहेर उभं केलं. तो बाहेर उभा, मी आत उभा. तास तसाच संपला.

तू चकलांब्याला आत्याकडं गेलीस हे मला पिठाच्या गिरणीवर कळलं. तुझा बाप हरिबा मेंढरं घेऊन गोदाकाठाकडं गेलाय म्हणतात. तुझी आई दारात बसलेली असते, पण मी समोरून निघालो की आत जाते. मीही हल्ली मारुतीच्या बाजूनं जातो.

मुद्द्याचं लिहितो. तुझा निबंध चांगला होता. वीस वर्षांत तसा निबंध माझ्या हाती आला नाही. माझी पद्धत तुला ठाऊकच आहे. कारखान्याचं पत्रक नाहीतर पेपरातली बातमी फळ्यावर डकवायची आणि विचारायचं, हे कोण बोलतंय, कुणाच्या फायद्याचं बोलतंय, आणि यात काय सांगितलेलं नाही. ते जमायला लागलं की उलटा निबंध. आपल्याला न पटणारी बाजू अशी लिहायची की त्या बाजूच्या माणसानं खाली सही ठोकावी. पोरांना दुसऱ्याचं डोकं वाचता यावं, एवढाच हेतू. मार्चमध्ये टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. तुझ्या वाट्याला आलं, 'जनावरांची छावणी गावात नको, कारखान्यावर न्या.' बापाच्या चौदा गायी गावच्या छावणीत बांधलेल्या, आणि पोरीला नेमकी हीच चिठ्ठी. आता नशिबाला काय म्हणायचं?

आणि तू लिहिलंस काय! 'टँकर विहिरीत ओततो. जनावरांची पाळी आधी, माणसांची नंतर, आणि बायकांची पाळी कधी येते ते कुणी सांगत नाही.' हे वाक्य मी वर्गात दोनदा वाचून दाखवलं. पंधरा वर्षांच्या पोरीला असं सुचतं कुठून, देव जाणे.

पुढं तो निबंध कारखान्याच्या वर्धापनदिनाच्या स्पर्धेत गेला, चेअरमन अर्जुनरावांच्या हाती पडला आणि एक मेच्या ग्रामसभेत त्यांनी तो मोठ्यानं वाचला, हे तू बायकांच्या घोळक्यात बसून ऐकलंस. "बघा, जनावरं राखणाऱ्याची लेकच म्हणती, छावणी कारखान्यावर न्या," असं ते म्हणाले आणि हात वर झाले. छावणी बावीस किलोमीटरवर गेली. शेळ्यामेंढ्या तिथं घेत नाहीत हे तिथं पोचल्यावर कळलं. तुमच्या चार गायी वाटेतच बसल्या, त्या उठल्या नाहीत. उन्हाळाच तसा होता. जे झालं ते झालं.

तू परत ये. गाव काय, चार दिवस बोलतं आणि विसरतं. तुझं दहावीचं वर्ष मात्र एकदाच येतं. तुझ्या जागेवर मी कुणाला बसू दिलेलं नाही.

बिभीषण सर


हिवरदरा
५ सप्टेंबर २००४

केसर,

आज शिक्षक दिन. पोरांनी प्लास्टिकचा गुलाब दिला, खरी फुलं यंदा आहेत कुठं? मुख्याध्यापकांनी माझ्याबद्दल चार वाक्यं बोलून दाखवली. ती गेल्या वर्षी माझ्या शेजारच्या सरांबद्दल बोललेली होती.

तुझं उत्तर नाही. नसू दे. सोबत सतरा नंबरचा फॉर्म पाठवतोय. बाहेरून दहावीला बसायचं तर हाच लागतो, आणि त्याची तारीख निघून गेली की बोर्डवाले कुणाचं ऐकत नाहीत. मराठीची काळजी करू नकोस. बीजगणित कर.

मागच्या पत्रात एक गोष्ट मी बरोबर लिहिली नाही. चिठ्ठ्या टाकल्या होत्या, पण बाकीच्यांच्या. तुझी चिठ्ठी टोपीत नव्हतीच, माझ्या मुठीत होती. टोपी तुझ्यापुढं धरली तेव्हा तुझ्या हातात मी ती सरकवली. पोरगी हुशार आहे, हिला सोपं काय द्यायचं, हिला हिच्याच घरावर उलटं लिहायला लावू आणि बघू, असं मला वाटलं. तेव्हा त्यात मला फार मोठं शिक्षण दिसत होतं.

आणि निबंध स्पर्धेत 'गेला' नाही, मी पाठवला. तुला विचारलं नाही. वर 'उलटा निबंध, वर्गातला सराव' अशी एक ओळ लिहायला हवी होती. ती लिहिली असती तर परीक्षकांनी कागद बाजूला टाकला असता. म्हणून लिहिली नाही. आपल्या शाळेचा पहिला नंबर यावा असं मला फार वाटत होतं. तसा तो आलाही.

विधानसभा जवळ आली आहे. कारखान्याच्या आवारात अकरा गावांची जनावरं एका कमानीखाली बांधली आहेत आणि कमानीवर अर्जुनरावांचा हात जोडलेला फोटो आहे. छावणी तिकडं कावून नेली, हे पोरांनी विचारावं असं ते चित्र आहे. मी फळ्यावर लावलेलं नाही. शाळा त्यांच्या संस्थेची, आणि माझ्या नेमणुकीवर सही त्यांची. हे तुला न सांगताही कळत असेल.

फॉर्म भर.

बिभीषण सर


हिवरदरा
३० जून २००५

केसर,

युसूफ वडगावच्या बाजारात तुझी आई दिसली. तोंड फिरवून उभी राहिली, पण जाता जाता म्हणाली, "पास झाली. एक्काहत्तर टक्के पडले." एवढंच. मी कोथिंबीर घेत होतो, ती हातातच राहिली.

चांगलं झालं.

मला पर्यवेक्षक केलंय. वर्ग कमी, सह्या जास्त. उलटा निबंध बंद केला. फळ्यावर आता काहीच डकवत नाही. गाईडमधले निबंध पाठ करून घेतो, 'माझा आवडता ऋतू', 'मी पंतप्रधान झालो तर'. पोरांना बरे गुण पडतात, पालक खूश आहेत. एका पोरानं 'पावसाळा' लिहिताना 'हिरवागार शालू' लिहिलं. त्यानं जन्मात हिरवं शिवार बघितलेलं नाही. मी बरोबरची खूण केली.

वाईट वाटतं असं नाही. काही वाटत नाही. शाळेत जातो, येतो, जेवतो. बायको म्हणते, तुम्ही हल्ली चिडत नाही. मला ते तिनं चांगलं म्हणून सांगितलं की कसं, ते कळलं नाही.

पुढं काय घेणार आहेस ते कुणाकडून तरी कळव.

बिभीषण सर


हिवरदरा
११ नोव्हेंबर २०११

केसर,

सहा वर्षांनी लिहितोय. काल तुझ्या आईचा दहावा होता. तू फाट्यावर उतरलीस आणि गावातून न येता ओढ्याच्या कडेकडेनं दहाव्याच्या जागी गेलीस. नैवेद्य ठेवलास आणि तशीच परत फाट्यावर. घर तिथून हाकेवर होतं. तू आईच्या घरात पाऊल ठेवलं नाहीस.

मी बाभळीपाशी उभा होतो. तू बघितलंस. मला वाटलं, आता येईल आणि चार शिव्या घालील. तू पदर सारखा केलास आणि एस.टी.ची वाट बघत बसलीस.

लोक अजून म्हणतात. काल दहाव्यालाच एक जण दुसऱ्याला हळूच सांगत होता, "ही बे ती, छावणी घालवली ती." सात वर्षं झाली. त्या सालात गावात काय काय झालं ते कुणाला धड आठवत नाही, पण हे आठवतं. गाव चार दिवसांत विसरतं असं मी तुला लिहिलं होतं, ते साफ चुकलं.

आता उरलेलं लिहितो. ग्रामसभेत निबंध वाचून झाल्यावर अर्जुनरावांनी माझ्याकडं बघून विचारलं, "काय सर, पोरीनं हे मनानं लिहिलंय ना?" सगळी सभा माझ्याकडं वळली. तू पण. मी म्हणालो, "हो, मनानं लिहिलंय. विद्यार्थिनी हुशार आहे." तो एक शब्द मी दुसरा बोललो असतो, 'नाही, हा वर्गातला सराव आहे' असं म्हणालो असतो, तर ठराव झाला नसता असं नाही. अर्जुनरावांनी दुसरं काहीतरी काढलं असतं. पण तुझं नाव त्यात आलं नसतं. तू माझ्याकडं किती वेळ बघत होतीस ते मला ठाऊक आहे. मी टेबलावरचा पाण्याचा तांब्या बघत होतो.

माफी मागत नाही. मागायला तोंड पाहिजे.

बिभीषण सर


हिवरदरा
१८ मार्च २०१३

केसर,

पुन्हा तेच साल आलंय. या वेळी जानेवारीतच विहिरी तळाला गेल्या. गावात छावणी मंजूर झाली आहे. दावणी कुठं कुणाच्या, याची वाटणी काल पारावर झाली आणि हरिबाला जागा मिळाली नाही. एक जण त्याच्या तोंडावर म्हणाला, "तुझ्या लेकीनं मागं छावणी घालवली, आता कोणत्या तोंडानं दावण मागतो बे?" तुझ्या बापानं खांद्यावरचं घोंगडं नीट केलं आणि तो निघून गेला. मी पारावरच होतो. पुन्हा तसाच बसून राहिलो. पण या वेळी घरी येऊन जेवण गेलं नाही, हे मात्र खरं.

आज सकाळी त्याच्या वाड्यावर गेलो, म्हणजे मेंढरांच्या. हरिबा कोकराला बाटलीनं दूध पाजत होता.

"बसा मास्तर."

मी बसलो नाही. म्हटलं, "हरिबा, तुला एक सांगायचंय. मागच्या छावणीच्या वेळचं." आणि सांगितलं सगळं. चिठ्ठी मुठीत होती ते, निबंध मी पाठवला ते, आणि सभेत 'हो' म्हणालो ते.

तो ऐकत होता आणि कोकरू पीत होतं. मग म्हणाला, "मला ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिशी. सभेतून आली, चुलीम्होरं बसली अन् समदं बोलली. तिच्या आईला बी ठाऊक व्हतं."

"मग तू गावाला कावून सांगितलं नाहीस? माझ्या घरी येऊन मला धरलं का नाहीस?"

"मी लई चिडलतो. पर ती म्हनली, आबा तुमी मधी पडू नका. हे माझं हाय."

"मग ती गावात का येत नाही?"

"ते तिला इचारा की. तुमी कदी इचारलं का तिला?"

मी म्हटलं, "मी तिला चार पत्रं लिहिलीत, हरिबा."

"लिवली आसतील. इचारलं का?"

थकलाय तो. एकच गोष्ट दोनदा विचारतो. मी त्याला म्हटलं, काळजी करू नकोस, यंदा एक मेला मी सभेत उभा राहून सांगणार आहे. त्यानं कोकरू खाली सोडलं. बाटली रिकामी झाली होती.

एकतीस मेला मी रिटायर होतोय. आता नोकरी जायची नाही म्हणून मास्तरला कंठ फुटला, असं कुणी म्हणेल. बरोबरच म्हणेल. पण तुझ्यावरचा हा आळ काढल्याशिवाय मी या गावात म्हातारपण काढू शकत नाही. तू तुझ्या घरी, तुझ्या बापाच्या दारी ताठ मानेनं यायला पाहिजेस. बाकी मला आता काही नको.

बिभीषण सर


हिवरदरा
२ मे २०१३

केसर,

काल सांगितलं.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. झेंडा झाला, ग्रामसेवकानं मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं, अर्जुनराव खुर्चीवर होते. आता काठी घेऊन चालतात. मी उभा राहिलो. आदल्या रात्रीपासून वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. सरळ म्हणालो, "नऊ वर्षांपूर्वी इथं हरिबाच्या केसरचा निबंध वाचला गेला. ते तिचं मत नव्हतं. मी तिला तसं लिहायला लावलं होतं. उलट्या बाजूनं लिहायचा तो वर्गातला सराव होता. तिच्या मनात तसलं काही नव्हतं. स्पर्धेला मी पाठवला आणि इथं खोटं मी बोललो. त्या पोरीचा या छावणी जाण्याशी काही संबंध नाही."

आता काहीतरी होईल असं मला वाटलं. कुणीतरी दगड मारील असंही वाटलं.

अर्जुनराव हसले. म्हणाले, "सर, निरोपाचं भाषण एकतीस तारखेला हाय. घाई काय?" लोक खो खो हसले. मागचा एक तरणा पोरगा शेजाऱ्याला विचारत होता, कोन केसर?

मग सारजाबाई उठली. तुमच्या शेजारची, तुला आठवत असेल, तिची म्हैस तेव्हा तुमच्या गायींसोबतच गेलती. ती मला म्हणाली, "मास्तर, आमाला काय ठाऊक न्हवतं व्हय? नववीतली पोरगी कुठं छावणी नेत आसती का? नेली ती ह्यांनी." काठीवाल्या अर्जुनरावांकडं तिनं सरळ हात केला. "पर ह्यान्ला बोलायला कुनाचं तोंड हुतं? पोरीला बोलायला समद्यांचं हुतं. माझं बी हुतं." आणि ती खाली बसली. अर्जुनरावांनी ग्रामसेवकाला म्हटलं, पुढचा विषय घ्या. पुढचा विषय टँकरच्या खेपांचा होता. त्यावर तासभर भांडणं झाली.

हरिबाला दावण मिळाली. विहिरीच्या बाजूची. ती तेवढी मिळाली.

मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. घरी आलो, भाकरी खाल्ली, पंखा बंद होता म्हणून ओसरीत आडवा झालो. पण काम झालं. आता तुझ्यावर काही नाही, केसर. ते तुझं नव्हतं हे मी साऱ्या गावापुढं सांगितलंय आणि इतिवृत्तातही घ्यायला लावलंय. आता ये.

बिभीषण सर


आरोग्य उपकेंद्र, चकलांबा
२० मे २०१३

सर,

तुमची सहाही पत्रं माझ्याजवळ आहेत. एकही फाडलेलं नाही. सतरा नंबरचा फॉर्म मी तुम्ही पाठवलेलाच भरला होता, ते कळवायचं राहिलं. त्याचे आभार. मी इथं उपकेंद्रात नर्स आहे. बाळंतपणं करते. लग्न झालंय, नवरा चांगला आहे.

सभेचं मला आबांनी फोनवर सांगितलं. मी त्यांना म्हटलं, तुम्ही सरांना अडवलं का नाही? ते म्हणाले, मास्तर इचारायला आलंच न्हवतं, सांगायला आलतं.

सर, ते माझंच मत होतं.

त्या फेब्रुवारीत टँकर गावच्या विहिरीत ओतायचे. छावणीची मोटार आधी लागायची आणि हौद भरायचे. मग गडीमाणसं गाड्यांवर पिंपं घेऊन यायची. ते झालं की बाया दोर सोडायच्या, तोवर खाली गाळ राहिलेला. म्हणून बाया पायऱ्या उतरून तांब्यानं भरायच्या. माझी आई सातव्या महिन्यात होती. खालून चौथ्या पायरीवर घसरली. मूल गेलं. मुलगा होता. तुम्हाला हे ठाऊक नसणार, बायांचं असलं काही शाळेपर्यंत येत नाही. घरात मी म्हटलं, आबा, छावणीचं पाणी वेगळं करायला सांगा. आबा म्हणाले, छावणी हाय म्हनून गायी हायत, गप बस. मी गप बसले.

आणि तीन आठवड्यांनी तुम्ही माझ्या हातात चिठ्ठी सरकवली. तुमची मूठ मला कळली होती, सर. चिठ्ठी घामानं ओली होती. मला वाटलं, सरांना आईचं कळलंय. मी उघडपणे बोलू शकत नाही म्हणून मला ही बाजू दिली. मला तुम्ही त्या दिवशी देवासारखे वाटलात. निबंध मी एका बैठकीत लिहिला. दुसऱ्याचं डोकं वगैरे काही वाचलं नाही. पाण्याचं जे लिहिलं ते सगळं माझं होतं. 'कारखान्यावर न्या' हे तेवढं चिठ्ठीतलं होतं म्हणून शेवटी लिहिलं.

सभेत अर्जुनरावांनी विचारलं, मनानं लिहिलंय ना, आणि तुम्ही हो म्हणालात. इतकी वर्षं तुम्हाला वाटतंय की तुम्ही खोटं बोललात. तुम्ही खरं बोललात, तुम्हाला पत्ता नव्हता एवढंच. मी तुमच्याकडं बघत होते ते तुम्ही 'केसर, तूच सांग' म्हणावं म्हणून. पंधरा वर्षांची पोरगी सभेत आपण होऊन उठत नाही. तुम्ही म्हणाला असतात तर मी उठले असते. म्हणाले असते, छावणी इथंच राहू द्या, पाणी वेगळं करा.

चार गायींचं माझ्यावरच आहे. बावीस किलोमीटर त्या चालतील कशा, मेंढरांचं काय, हे मी लिहिताना विचारात घेतलं नाही. चिठ्ठीतलं वाक्य उतरवून मोकळी झाले. त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून मी गावात येत नव्हते. लोकांच्या बोलण्यामुळं नाही. आबांच्या रिकाम्या खुंट्यांमुळं.

तुमच्या पत्रांत तुम्ही सगळं सांगितलंत, एकेक करून. चिठ्ठीचं, स्पर्धेचं, सभेचं. प्रत्येक वेळी मला वाटायचं, पुढच्या पत्रात विचारतील, केसर, तुला काय म्हणायचं होतं? नऊ वर्षं मी त्या एका ओळीची वाट बघितली. ती आली असती तर मी त्याच दिवशी उत्तर टाकलं असतं.

गाव मला छावणीवाली म्हणत होतं त्याचा त्रास होता. पण निदान मी काहीतरी बोलले होते, हे तरी त्यात होतं. आता तुम्ही इतिवृत्तात लिहून ठेवलंय की माझ्या मनात काही नव्हतं, सरांनी लिहायला लावलं. तुम्ही ते चांगल्या मनानं केलंत हे मला कळतं. पण माझ्या आईचं त्या गावात जेवढं कागदावर आलं होतं तेवढंही तुम्ही पुसून टाकलंत. पत्र वाचून मी ड्यूटीवर गेले नाही, दिवसभर पडून होते. राग यायला पाहिजे होता. तोही आला नाही.

अठरा पुरी झाली तेव्हा आबांनी माझं नाव हिवरदऱ्याच्या मतदार यादीत घातलं. लग्नानंतर इथले लोक म्हणाले, नाव इकडं आणा. मी आणलं नाही. त्यामुळं तिथल्या ग्रामसभेत मला बोलता येतं. आबांनी सरपंचांना सांगून छावणीच्या पाण्यावर खास सभा मागितली आहे, ती सहा जूनला आहे. मी येणार आहे. सारजाबाईशी बोलले आहे, पंचवीस बाया येतील. ठराव मी लिहिला आहे. तो तुम्हाला पाठवत नाही, तुम्ही लाल पेन घेऊन बसाल.

आदल्या दिवशी घरी मुक्कामाला येतेय. आबांना गायी दाखवायला सांगितलंय.

तोवर तुम्ही रिटायर झालेले असाल. सभेला या. मागं बसा. माझं बोलून होईपर्यंत उठू नका, आणि मग काही समजलं नाही तर मला विचारा.

केसर